दुसऱ्याच्या भिंतीवरची नऊवारी

कालव्याकडेच्या काटेरी जाळीत ब्लॅकबेऱ्या पिकल्या. काल सकाळी डबा घेऊन गेलो आणि ओंजळभर तोडून आणल्या. फळ पिकलंय की नाही हे डोळ्याला कळत नाही, बोटाला कळतं. नुसतं टेकवलं आणि हातात आलं तर पिकलेलं, ओढावं लागलं तर राहू द्यावं. घरी आलो तेव्हा उजव्या हाताचं पहिलं बोट पेरापर्यंत जांभळं झालेलं. साबणानं जाईना. सिंकपाशी उभा राहून मी त्या बोटाकडं बघत बसलो, तर सुमन, म्हणजे आमची मंडळी, मागून म्हणाली, "बघताय काय त्याच्याकडं? गेल्या वर्षी ह्याच बोटानं दिवे लावले होते."

मी पुन्हा साबण लावला. पण ब्लॅकबेरीचा तो आंबटगोड, जरासा मातकट वास नाकात बसला आणि गेल्या वर्षीचा अख्खा श्रावण पुढं येऊन उभा राहिला.

त्या श्रावणात आमच्या बर्मिंगहॅमच्या घराला कापडाचा वास होता. नव्या कापडाला खळीचा वास असतो, ओल्या पिठासारखा. आमची सून मृणाल शिवलेली नऊवारी करते. जिला नेसता येत नाही तिनं ती पायात घालावी, कमरेला हूक लावावा, पदर खांद्यावर टाकावा आणि पाच मिनिटांत लेझीम घेऊन उभं राहावं. मृणाल पुण्याची. इथं एका बँकेच्या ऑफिसात होती, चांगल्या पगारावर. एक दिवस ते सोडलं आणि गॅरेजमध्ये दोन शिलाई मशिनी मांडल्या. मुलगा, समीर, जरा कुरकुरला. मी मात्र मनात म्हटलं, ही आपल्या वळणाची आहे. हातानं काही केल्याशिवाय हिला चैन पडायचं नाही.

पहिली दोन वर्षं ओळखीच्या बायकांत गेली. मग ओळखी संपल्या. गेल्या वर्षी तिनं स्वतःशीच ठरवलं की गणपतीच्या सीझनला अनोळखी बायकांनी नऊवारी घेतल्या तर मशिनी राहतील, नाहीतर सप्टेंबरात परत बँक. जुन्या साहेबिणीचा निरोप आलेलाच होता. जागा रिकामी होती, आणि गणपती बसायच्या आत हो की नाही ते कळवायचं होतं. लहानमोठ्या मापांच्या साठ नऊवारी शिवून तयार होत्या. जिन्याच्या कठड्याला, दारांच्या मागं, बॉयलरच्या कपाटात, जिथं खुंटी तिथं नऊवारी. अंघोळीला जाताना पदर तोंडावर यायचा. घरात साठ बायका उभ्या आहेत आणि एकही बोलत नाही, असं वाटायचं.

मृणालनं मग पैसे भरून जाहिरात लावली. आपल्या वेबसाइटवर नव्हे. ती तर होतीच, पण तिथं यायचं कोण? लावली दुसऱ्यांच्या वेबसाइटवर. हे ऐकलं आणि माझे कान उभे राहिले. दुसऱ्याच्या भिंतीवर आपली जाहिरात, हा तर माझा जन्माचा धंदा!

मी चौथी शिकलो, तीही पुरती नाही. शाळेच्या भिंतीवर मी कोळशानं अक्षरं काढली होती, बाजारात दुकानाच्या पाटीवर असतात तशी, सावलीसकट. मास्तर म्हणाले, सगळ्यांसमोर माफी माग. मी म्हणालो, अक्षर चुकलंय का सांगा. ते चुकलं नव्हतं. मी माफी मागितली नाही आणि दुसऱ्या दिवसापासून शाळेत गेलो नाही. अजूनही मला ती मागता येत नाही. सुमन ह्याला हट्ट म्हणते. तिचं तिच्यापाशी.

पुढं त्याच अक्षरांवर पोट भरलं. विटा, तासगाव, जत ह्या पट्ट्यात भिंतींवर जाहिराती लिहीत फिरलो. चहापूड, बियाणं, सिमेंट, गुरांची पेंड. आमचा सीझन पाऊस उघडल्यावर सुरू व्हायचा. भिंतीतली ओल गेलीय की नाही ते तळहात लावून बघायचं. मग चुन्याचा हात, तो वाळला की सुतळीला नीळ चोळून दोघांनी दोन टोकांना ताणून धरायची आणि मधोमध उचलून सोडायची. सप्प! भिंतीवर सरळ निळी रेघ. तो आवाज अजून कानात आहे. चुन्याचा वास, उन्हानं तापलेल्या मातीचा वास, डोक्याला बांधलेल्या टॉवेलातून गळणारा घाम. शिडीवर चढलं की गावची सगळी परसं दिसायची आणि वाळत घातलेली लुगडी. लुगडीही नऊवारीच. तेव्हा ती शिवावी लागत नव्हती.

तर मृणालला मी विचारलं, "भिंतीचा मालक कोण?"

"कसली भिंत, अप्पा?"

"जिच्यावर लावलीस ती. मालकाला विचारलंस का?"

ती हसली. म्हणाली, "अहो, तसं नसतं. मधे एक कंपनी असते. लाखो वेबसाइट्स तिच्याकडे जागा देऊन ठेवतात. मी कंपनीला सांगते, मला अशा बायका हव्यात, इतक्या वयाच्या, इंग्लंडमधल्या. कंपनी अंदाजानं ओळखते, कधी चुकतेही. मग कुणी एखादं पान उघडलं की तेवढ्यात त्या जागेचा लिलाव होतो. ज्याची बोली बसली त्याची जाहिरात दिसते."

"तेवढ्यात म्हणजे?"

"पान उघडेपर्यंत. डोळ्याची पापणी लवायच्या आत."

मी त्या दिवशी दुपारभर ह्याचा विचार करत होतो. आमच्या वेळी भिंत रंगली की येणाराजाणारा तीच वाचायचा, मग तो पाटील असो की पोस्टमन. इथं माणूस समोर आला की भिंत रंगते, आणि प्रत्येकासाठी वेगळी! खरं वाटेना. म्हणून मी आणि सुमन सोफ्यावर शेजारी शेजारी बसलो आणि दोघांच्या फोनवर मराठी बातम्यांचं एकच पान उघडलं. बातमी तीच. पण तिच्या पानावर पैठणी पर्स, आणि माझ्या पानावर कानाचं यंत्र.

"मला काय बहिरा समजतात काय?"

"तिसऱ्यांदा विचारताय," सुमन म्हणाली.

रोज सकाळी चहाबरोबर मी हे बातम्यांचं पान वाचतो. गावाकडच्या बातम्या, पाऊसपाणी, कोण वारलं. मी बोटानं ओळ धरून सावकाश वाचतो. त्याच पानावर, मला वाटतं जुलैच्या शेवटी, कानाच्या यंत्राच्या जागी एक दिवस आमची निळी नऊवारी आली. मोरपिशी निळी, सोनेरी काठाची, मृणालच्या मैत्रिणीनं घातलेली. खाली आमच्या धंद्याचं नाव. मी खुर्चीतून उठलोच. आयुष्यभर दुसऱ्याचं नाव भिंतींवर लिहिलं. आपलं नाव दुसऱ्याच्या भिंतीवर पहिल्यांदाच बघत होतो.

मी बोट लावलं. आमचंच दुकान उघडलं. छान वाटलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा लावलं. आपल्या माणसाच्या दुकानावरून जाताना आत डोकावून रामराम करावा, तसं. मग ती नवलाई वाढतच गेली, कारण जाहिरातही वाढत गेली. हवामानाच्या पानावर ती आली. क्रिकेटच्या धावसंख्येशेजारी आली. मी अभंगांचे शब्द बघायला गेलो तर तिथंही निळी नऊवारी माझ्याआधी हजर. मी सुमनला म्हणालो, "अगं, पोरीनं जग रंगवलं!" आणि जिथं दिसेल तिथं बोट लावत गेलो. जितकी माणसं आत येतील तितकं दुकान चालेल, हे मला कुणी शिकवायला नको होतं.

गुरुवारी लायब्ररीच्या हॉलमध्ये आम्हा म्हाताऱ्यांचा कट्टा असतो. अकरा वाजता चहा-बिस्किट. तिथं मी सगळ्यांना ते पान उघडायला लावलं. देसाई नावाचे माझे मित्र आहेत, हिशेबी माणूस. ते म्हणाले, "पण मला नऊवारी घेऊन करायचंय काय?"

"घेऊ नका. नुसतं बोट लावा. आपल्या पोरीचं काम आहे."

"एवढंच ना?" म्हणत त्यांनी लावलं. मग कट्ट्यावरच्या चौदा जणांनी लावलं. ज्यांना ती दिसली नाही त्यांनी पुन्हा पुन्हा पान उघडून दिसेपर्यंत लावलं. आपल्या लोकांत एवढी एकी मी क्वचित बघितली.

एका संध्याकाळी जेवायच्या आधी मृणाल लॅपटॉप घेऊन माझ्याशेजारी येऊन बसली. केसात दोऱ्याचा तुकडा अडकलेला, डोळे थकलेले, पण चेहरा उजळलेला.

"अप्पा, तुमची ती न्यूज साइट आहे ना, ती सॉलिड चाललीय. बाकी सगळ्या साइट्स मिळून नाहीत एवढे क्लिक्स तिथून येतायत."

"मग ऑर्डरी?"

"तेच तर कळत नाहीये. येतात, बघतात आणि जातात. एक सिंगल ऑर्डर नाही. पण लोकांना इंटरेस्ट आहे हे नक्की. मी आता बाकीच्या जागा बंद करते आणि सगळं बजेट त्या एकाच साइटवर टाकते. अजून दोन आठवडे आहेत."

मला कौतुक वाटलं की एवढं सगळं तिला घरबसल्या कळतं. आम्हाला कधी कळायचं नाही भिंत कुणी वाचली. मी विचारलं, "आणखी काय काय कळतं?"

"सगळं! हे बघा, कुठल्या वेळी. सकाळी सहा ते आठ सगळ्यात जास्त. बायका ऑफिसला जायच्या आधी बघत असणार. गाव कळतं. बर्मिंगहॅमच बर्मिंगहॅम. आणि गुरुवारी तर विचारूच नका, अकरा वाजता एकदम उसळी! गुरुवारी अकराला बायका काय करतात कुणास ठाऊक."

मला ठाऊक होतं. बायका नव्हेतच त्या, म्हातारे बिस्किटं खातात.

तरी मी विचारलं, "आणि कुणी बोट लावलं, की काय होतं?"

"लावलं की पैसे जातात आपले. दिसण्याचे नाहीत, क्लिकचे. दिवसाची लिमिट ठेवलीय मी. ती संपली की त्या दिवशी जाहिरात कुणालाच दिसत नाही. हल्ली नऊ वाजेपर्यंतच संपते, गुरुवारची तेवढी वाढवलीय त्या उसळीसाठी."

नऊ वाजेपर्यंत. म्हणजे जी कोण बाई दहा वाजता, दुपारी, संध्याकाळी बघणार होती, तिच्यापुढं मी दार लावून घेत होतो. रामराम करत करत.

"पण ती तर सगळीकडं लागलीय," मी म्हणालो. "हवामानावर, क्रिकेटवर, अभंगांवर."

मृणालनं माझ्याकडं बघितलं. "सगळीकडे नाही लागत, अप्पा. कुणी एकदा क्लिक केलं की ती त्याच माणसाच्या मागे फिरते. घेईल म्हणून. तुम्ही कधी चुकून टच केलं असेल."

"असेल," मी म्हणालो.

जग रंगवलेलं नव्हतं. एक भिंत होती आणि ती माझ्यापुढं पुढं चालत होती.

दुसऱ्या दिवशी मी बोट लावलं नाही. कट्ट्यावरही निरोप दिला, आता नको. देसाई म्हणाले, "का? संपल्या सगळ्या?" मला वाटलं, आपण थांबलो की झालं. माफी नको, बोभाटा नको. पण तसं होत नसतं. दोन दिवसांनी मृणाल स्वयंपाकघरात समीरला सांगत होती, "क्लिक्स एकदम पडलेत रे. दुसरं कुणीतरी जास्त बोली लावत असणार. मी आपली वाढवते, शेवटचं." तिचा आवाज बारीक झाला होता. समीर म्हणाला, "बँकेला कळवून टाक ना हो म्हणून. का जिवाला त्रास?" वरच्या मजल्यावर एक नऊवारी खुंटीवरून घसरून पडली तेवढा आवाज झाला.

सुमन कणीक मळत होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "मास्तर मेले, शाळा पडली. आता तरी तोंड उघडा."

मी गॅरेजमध्ये गेलो. मृणाल मशिनीवर बसली होती. मी दाराशी उभा राहिलो आणि म्हणालो, "मृणाल, ती बोटं माझी होती."

तिला कळलं नाही. मी सांगितलं. सकाळी सहा ते आठ, आणि गुरुवारी अकरा. तिनं मशीन बंद केली.

"किती दिवस?"

"तीन आठवडे."

"रोज?"

"रोज. काही दिवशी पंधरा-वीसदा."

आधी ती हसली. खदखदून हसली. मग हसता हसता हात तोंडावर ठेवला आणि तशीच राहिली. म्हणाली, "मी त्या आकड्यांवर उभी होते, अप्पा. समीरला दाखवत होते, बघ, लोक बघतायत. कुणी नव्हतं बघत. माझे सासरेच बघत होते."

मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "एकदा विचारायचंत ना. बाकी सगळ्याचं विचारता. लिलाव कसा, मालक कोण. हे एवढं एकच नाही विचारलंत."

खरंच नव्हतं विचारलं. जे माहीत नाही त्याची मला हौस, आणि जे माहीत आहे असं वाटतं तिथं मी मुळीच विचारत नाही. दुकानात माणूस आला की चांगलं, हे मला माहीत होतं ना!

माफी तेव्हाही तोंडून निघाली नाही. मी म्हणालो, "सगळ्या भिंती दाखव मला. एकूणएक."

दोन दुपारी आम्ही त्या यादीवर बसलो. कंपनीनं जाहिरात कुठं कुठं लावली त्याची यादी असते, पण पहिली ओळ सोडून ती खालपर्यंत बघायचं मृणालच्या मनात आलं नव्हतं, आकडे चांगले होते म्हणून. ती वाचायची, मी विचारायचो. एक जागा लहान पोरांचा फुगे फोडायचा खेळ. तिथं बरेच क्लिक्स. "इथं कोण असतं?" "दोन-तीन वर्षांची मुलं. आईच्या फोनवर." "म्हणजे ती फुगा समजून नऊवारी फोडतात." काट. एक जागा फोनचा टॉर्च. टॉर्च लावलेला माणूस किल्ली शोधत असतो, त्याला नऊवारी कशाला? काट. राशिभविष्य. मृणाल म्हणाली, हे राहू दे, बायका वाचतात. मी म्हणालो, "वाचतात, पण स्वतःची रास वाचून झाली की लगेच निघतात. तिथं कुणी रेंगाळत नाही." पेन्सिल माझ्या हातात होती. पाटीवरच्या चुकीच्या रेघेवर मारावी तशी फुली मारत गेलो. माझं बातम्यांचं पानही काटलं. तिथं सगळे माझ्यासारखे म्हातारे. जागा चांगली, पण गिऱ्हाईक नाही.

आणि मग मी तिला गिरणीची गोष्ट सांगितली.

जत रस्त्यावरच्या एका गावात चहापुडीची जाहिरात लिहायची होती. कंपनीच्या माणसानं मोठ्या रस्त्यावरची गोदामाची भिंत धरली. शंभर पावलं लांब. एसट्या, ट्रक, सगळे तिच्यावरून जायचे. मी म्हणालो, "साहेब, रस्त्यावरचा माणूस जात असतो. आत गिरणी आहे, तिच्यासमोर पडकी भिंत आहे. तिथं बाया डबा ठेवून नंबराची वाट बघत उभ्या असतात. चहापूड त्या घेतात." साहेब म्हणाला, "तू रंग लाव, डोकं लावू नको." मी गोदामाची भिंत लिहिली. आणि उरलेल्या रंगात, माझ्या वेळात, गिरणीसमोरची पडकी भिंतही लिहिली. भिंतीची मालकीण गिरणीवालीच होती. म्हणाली, मला काय मिळणार? मी तिच्या दारावर गिरणीच्या वेळा लिहून दिल्या, ठसठशीत, सावली टाकून. दिवाळीनंतर त्या गावचा दुकानदार दुप्पट पुडे मागायला लागला. साहेबानं गोदामाच्या भिंतीला शाबासकी दिली.

मृणाल ऐकत होती. पेन्सिलीचं टोक दातांत. म्हणाली, "म्हणजे आपली गिरणी कुठली?"

"तू सांग. नऊवारी कुणाला लागते? आणि ती बाई वाट कुठं बघते?"

तिनं यादी पुन्हा वरून खाली चाळली. मग एकदम म्हणाली, "लेझीम!" गणपतीच्या कार्यक्रमासाठी इथलं मराठी मंडळ एक हॉल घेतं. ऑगस्टभर शनिवार-रविवारी पोरींच्या लेझमीच्या तालमी चालतात. आया तासभर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलेल्या. तालमीच्या वेळा दर आठवड्याला बदलतात, त्या बघायला सगळ्या जणी मंडळाच्या वेबसाइटवर जातात, आणि तालीम चालू असताना पुढची कधी ते पुन्हा बघतात. "पण त्या कंपनीच्या यादीत ही साइट नाही, अप्पा. ते जाहिराती घेतच नाहीत."

"मग मालकाला विचारू," मी म्हणालो. कंपनी नव्हती मधे. मला हायसं वाटलं.

ती साइट वैशालीताई सांभाळतात. हॉस्पिटलमध्ये नर्स होत्या, आता रिटायर. आम्ही हॉलवर गेलो तेव्हा खुर्च्या मांडत होत्या. म्हणाल्या, "छे छे, अप्पा. आज तुमची लावली, उद्या दहा जण येतील. कमिटी माझा जीव खाईल."

दारावर मंडळाचा बोर्ड होता. बोर्ड कसला, प्रिंटरमधून काढलेला कागद प्लास्टिकमध्ये घालून चिकटवलेला, आत पाणी शिरून अक्षरं फुटलेली. मी त्याच्याकडं बोट केलं. "हा काय प्रकार?"

"दर वर्षी नवा लावतो. पावसात जातो."

"मी लिहून देतो. लाकडावर, ऑइल पेंटमध्ये. दहा वर्षं हलणार नाही. आणि जाहिरातीचे पैसे मृणाल देईल ते वेगळे. तालमीच्या वेळांखाली एक पट्टी द्या. गणपती होईपर्यंत."

वैशालीताईंनी मृणालकडं बघितलं. मृणाल म्हणाली, "मी नाही काही शिकवलं त्यांना."

"पट्टी छोटी हं," वैशालीताई म्हणाल्या.

आता जाहिरातीवर काय लिहायचं? मृणालच्या जुन्या जाहिरातीत इंग्रजीत बरंच होतं, परंपरा, वारसा, कलाकुसर. मी म्हणालो, खुर्चीवर बसलेल्या बाईच्या मनात आत्ता काय चाललंय? मृणाल म्हणाली, "हेच की पोरीला नेसवणार कोण. मला स्वतःलाच येत नाही." मग तेवढंच लिहिलं. 'पाच मिनिटांत नऊवारी. मुलीची उंची सांगा, शुक्रवारपर्यंत घरी.' आणि बोट लावलं की दुकानाचं पहिलं पान नको, थेट उंची विचारणारं पान उघडेल असं तिनं केलं. गिरणीसमोरची जाहिरात वाचून बाईनं दुकान कुठंय ते शोधत फिरू नये, तसंच हे.

पहिल्या शनिवारी बोट लावणाऱ्या फक्त अकरा. मृणालचा चेहरा पडला. "आधी शेकड्यांनी यायचे," ती म्हणाली आणि मग स्वतःच ओशाळली. त्या अकरांतल्या चौघींनी उंची कळवली. चौघी! त्यातली एक शेजारच्या सॉलिहल गावातली, आमच्या कुणाच्या ओळखीची नाही, ना समीरची, ना वैशालीताईंची. मृणालनं ती ऑर्डर तीनदा वाचली. "अप्पा, ही खरंच अनोळखी आहे," ती म्हणाली. मी गॅरेजमध्ये बोर्डाला पहिला हात मारत होतो. टर्पेंटाइनचा वास आणि मशिनीचा आवाज. सुतळीचं दुसरं टोक धरायला तिला बोलावलं. सप्प! रेघ उठली. ती दचकली, मग म्हणाली, "पुन्हा एकदा."

आयांनी एकमेकींना सांगितलं, आणि गणपती बसायच्या आधी जिन्याचा कठडा मोकळा झाला. सगळ्या नाही गेल्या. दहा-बारा उरल्या, त्यातल्या काही रंगानं फसलेल्या. बँकेला उत्तर द्यायच्या दिवशी मी विचारलं नाही. मृणाल चहा घेऊन आली, म्हणाली, "नाही कळवलं." मी म्हणालो, "अगं, मुदत आज संपतेय." "अहो, 'नाही' असं कळवलं," ती म्हणाली आणि मशिनीवर जाऊन बसली.

माझ्या बातम्यांच्या पानावर आता पुन्हा कानाचं यंत्र आलंय. मृणालनं आमच्या घराचं इंटरनेटच वगळलंय; बाहेर कुठं तिच्या जाहिराती लागल्या तरी आमच्या घरात दिसत नाहीत. रागावण्यासारखं काही नाही. चोख काम आहे. पण सकाळी चहा पिताना डोळा त्या जागेवर जातोच.

काल दुपारी बोर्डाला यंदाचा हात द्यायला हॉलवर गेलो. मजकूर तोच, फक्त कडा झिजल्या होत्या. आत लेझमीचा खळखळाट चालू होता, दार उघडं. मी पाठमोरा, ब्रशनं सावली भरत होतो. भिंत रंगवणाऱ्याचं तोंड कायम भिंतीकडं असतं. वाचणारे त्याच्या पाठीमागं असतात. पन्नास वर्षं कुणी माझी अक्षरं वाचताना मी बघितलं नाही. रंग वाळला की शिडी उचलायची आणि पुढचं गाव.

ब्रश बुडवायला वळलो तर दाराजवळच्या खुर्चीवर एक बाई बसलेली. पिशवीत पोरीचे बूट, हातात फोन. मंडळाचं तालमीचं पान उघडून ती अंगठ्यानं वर सरकवत होती. शनिवार गेला, रविवार गेला. आणि खाली निळी नऊवारी आली.

तिचा अंगठा थांबला.

तिनं मान वर करून आतल्या लेझीम खेळणाऱ्या पोरींकडं बघितलं, मग पुन्हा फोनकडं. मला तिच्याशी बोलावंसं वाटलं. सांगावंसं वाटलं, लाव बोट, आमच्या मृणालची आहे. पुढच्याच क्षणी मी ब्रश खाली ठेवला आणि जांभळ्या बोटाचा हात दुसऱ्या हातात धरून पाठीमागं बांधला. तिचं तिला ठरवू दे. मी नुसता बघत उभा राहिलो.